लाल गाडीतला बारीक आवाज

त्या गाडीत बसायचं म्हणजे सरिताबाईंना आधी उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून आत ठेवावा लागे, आणि मग देवाचं नाव न घेता स्वतःला सीटवर सोडून द्यावं लागे. गाडी इतकी बुटकी, की शेजारून सायकलवाला गेला तरी त्याच्याकडे मान वर करून पाहायचं. दोनच माणसांची, वरून उघडी, लालभडक. विलायतेत बनलेली, त्यांच्या दोघांच्या वयाची. दुर्गापूरच्या चौकात ती थांबली की पानठेल्यावरची पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायची आणि गाडी चालवणारे त्यांचे यजमान नागसेनभाऊ काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने समोर बघत राहायचे. आतून ते फुलून गेलेले असत, हे सरिताबाईंना त्यांच्याकडे न पाहताही कळायचं.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली ती एप्रिलातल्या एका सकाळी. ऊर्जानगरच्या फाटकासमोरून ताडोबाच्या रस्त्याने थोडं पुढे जायचं आणि परत फिरायचं, एवढाच बेत होता. तेव्हाच सरिताबाईंनी तो आवाज ऐकला. चिं, चिं, चिं. खालून, दोन सीटांच्या मधून कुठूनतरी. गाडी हळू असली की हळू, जरा पळाली की भरभर, आणि आणखी वेग धरला की वाऱ्यात आणि इंजिनात बुडून जायचा.

"खाली काईतरी वाजून राह्यलं," त्या म्हणाल्या.

नागसेनभाऊंनी मान हलवली. "आयकलं मी. अ‍ॅक्सिलेटर सोडला का टक् वाजते. पाहतो त्याले."

टक् असाही एक आवाज होता, हे खरं. पण त्या दुसऱ्याबद्दल बोलत होत्या. एव्हाना ऊन अंगाला टोचायला लागलं होतं, घरी जाऊन पाय लांब करावेत एवढंच मनात होतं.

सरिताबाईंचं थकणं एका दिवसाचं नव्हतं. नोकरीभर त्या उपकेंद्राच्या नर्सबाई होत्या. कुरखेडा, धानोरा, पुन्हा कुरखेडा, शेवटची वर्षं आरमोरीकडे. नवरा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या देखभालीला, लेक खुशबू कधी त्याच्याजवळ क्वार्टरमध्ये तर कधी आजीकडे, आणि त्या स्वतः गडचिरोलीच्या जंगलात, आधी सायकलीवर, मग स्कूटीवर, गावागावच्या बाळंतिणींच्या मागे. खुशबू शिकली, पुण्याला नोकरीला लागली. निवृत्तीनंतर नवराबायको एका छताखाली राहणार म्हणून सरिताबाईंनी फार काही मनात धरलं होतं असं नाही. सोबत चहा घ्यावा, चार गोष्टी बोलाव्यात, बस.

तर नागसेनभाऊंनी घुग्घुसच्या एका जुन्या कोळसा कंत्राटदाराच्या गोदामातून ही गाडी उचलून आणली. गाडी कसली, गंजका सांगाडाच होता. सीटमध्ये मुंगसाने घर केलेलं. अंगणात टिनाचं शेड उभं राहिलं आणि नागसेनभाऊ एका सकाळी त्यात शिरले, ते पुढची कित्येक वर्षं जणू बाहेर आलेच नाहीत. जेवायला तेवढे यायचे, हाताला घासलेटचा वास घेऊन. त्यांच्या जोडीला श्रीहरीभाऊ. त्यांचं घुग्घुसला लेथचं दुकान. दिवसभर सिमेंटच्या आणि कोळशाच्या ट्रकांचे सुटे भाग घासायचे आणि रविवारी मोटरसायकलीवर इकडे यायचे. मिळाला नाही तो भाग श्रीहरीभाऊंनी स्वतः बनवला. दोघं शेडमध्ये बसले की तासन्‌तास बोलत नसत. मधूनच कोणीतरी "पाना" म्हणायचं, एवढंच.

टक् हा आवाज शोधायला त्यांना दोन-तीन रविवार लागले. आधी मागचं हौसिंग, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दात्यांची पेटी, उघडलं, कारण गाडीने ओढायचं थांबवलं की वाजतं म्हणजे आतल्या दात्यांत ढिलाई असणार, असं दोघांचंही मत पडलं. दाते मापात निघाले. पुन्हा सगळं बंद केलं, तेल भरलं, आणि आवाज जिथल्या तिथे. शेवटी श्रीहरीभाऊंनी मागचं चाक जॅकवर उचलून हाताने पुढे-मागे हलवलं. ही तारांच्या आऱ्यांची चाकं. आपल्या गाड्यांसारखे चार-पाच नट त्यांना नसतात. अख्खं चाक एका दातेरी हबवर सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट आवळायचा. त्या हबचे दाते झिजले होते. म्हणून चाक थोडंसं घसरायचं आणि टक् करायचं. श्रीहरीभाऊंनी नवे हब कापून आणले. आवाज गेला.

त्या दिवशी नागसेनभाऊ फेरी मारून आले तेव्हा पेपर सोपा गेलेल्या पोरासारखे दिसत होते. त्यांनी सरिताबाईंना बळेच बसवून आणखी एक चक्कर मारली.

"आता? लोण्यावानी हाये का नाई?"

"टक् गेलं," त्या म्हणाल्या. "ते चिवचिव हायेच."

"कुठी?"

"हे काय. आत्ता. चिं, चिं, चिं."

नागसेनभाऊंनी गाडी हळू केली, मान तिरपी केली, डोळे बारीक केले. वीज केंद्रात ते असेच उभे राहायचे म्हणे. टर्बाइनच्या बेरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाशी लावायचे, आणि साहेब लोकं मीटर बघून झालं की यांच्या तोंडाकडे बघायची. गाडी बरीच पुढे गेली तेव्हा ते म्हणाले की काही नाही. चिमण्या असतील. रस्त्याकडेला कमी झाडं आहेत का?

सरिताबाईंनी श्रीहरीभाऊंनाही बसायला लावलं. ते फेरी मारून आले आणि ओशाळं हसले. "वैनी, माझा डावा कान लेथनं खाल्ला. अन् उजव्या कानात तुमचे मालक बोलून राह्यले होते. मले काय समजन?"

तो विषय तिथेच थांबला असता. पण नागभीडहून फोन आला. सरिताबाईंची मोठी बहीण सुगंधाबाई तिथे राहत होती; तिच्या मुलाचं, निकेशचं लग्न बुद्धपौर्णिमेला ठरलं होतं. निकेशने मोबाइलवर गाडीचे फोटो पाहिले होते. विहारातून घरापर्यंत नवरी दिव्यानीला शेजारी बसवून ती गाडी आपण स्वतः चालवत न्यावी, असं त्याच्या मनात आलं होतं. त्याने मावसाजींना, म्हणजे नागसेनभाऊंना, विचारलं. मावसाजींनी क्षणाचाही वेळ न लावता हो म्हटलं, वर गाडी हळू कशी सोडायची, क्लच किती दाबायचा, हे फोनवरच सांगायला सुरुवात केली.

फोन ठेवल्यावर सरिताबाई म्हणाल्या, "त्या गाडीत मी लेकरांले बसू देनार नाई. आवाज काऊन येते ते आधी पाहा."

"आवाज नाईच तं पाहू काय?"

"मले आयकू येते ना."

नागसेनभाऊ बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तुले ही गाडीच नको. पयल्या दिवसापासून नको. तसं सांग ना मंग."

यावर सरिताबाईंना खूप बोलता आलं असतं. पण त्या बोलण्यात अर्धं खरं होतं. त्यांना ती गाडी नको होतीच. शेडमध्ये गेलेली वर्षं त्यांना दिसत होती आणि ती कोणी परत आणून देणार नव्हतं. आवाज मात्र खरा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजावून सांगायला जी ताकद लागते ती त्यांच्यात उरली नव्हती. त्या उठून आत गेल्या.

मे उजाडला. चंद्रपूरचा मे. सकाळी नऊला रस्ते ओस पडायचे, कूलरच्या पाण्यालाही कोमट वास यायचा. दोघं आपापल्या वेळी जेवत होते. नागसेनभाऊ हट्टाने शेडमध्ये जात, गाडी पुसून चकचकीत करत. आणि एका दुपारी त्यांना उन्हाने धरलं. तोंड लाल, अंग तापलेलं, उभं राहवेना. सरिताबाईंनी त्यांना आणून बाजेवर निजवलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, कैरीचं पन्हं पाजलं, आणि काखेत थर्मामीटर दिला. ही सगळी कामं त्यांच्या हातांनी आपोआप होत होती. मनगट धरून त्या नाडी बघत बसल्या.

थोड्या वेळाने थर्मामीटर वाजला. नेहमीसारखा, बारीक, टीं टीं टीं टीं. तो काढतील म्हणून सरिताबाई थांबल्या. नागसेनभाऊ हात गच्च दाबून पंख्याकडे बघत पडले होते.

"अजून वाजला नाई," ते म्हणाले. "सेल गेला का पाह."

सरिताबाईंच्या बोटाखाली त्यांची नाडी चालू होती. त्यांनी थर्मामीटर काढला, ताप पाहिला, आणि पुन्हा सुरू करून त्यांच्या काखेत ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा ते तसेच पडून.

किती गोष्टी एकदम जागेवर येऊन बसल्या. फोन वाजत राहायचा आणि हे समोर पेपर वाचत बसायचे. स्वयंपाकघरातून तीन-तीनदा हाका मारल्या तरी ओ नाही. खुशबू फोनवर बोलली की "हो, हो" करून फोन आईकडे द्यायचे. या सगळ्याचा अर्थ सरिताबाईंनी केव्हाच लावून ठेवला होता. या माणसाला आपली किंमत नाही, असा तो अर्थ होता, आणि तो उराशी धरून त्या इतकी वर्षं जगल्या होत्या. आता तो हातातून सुटला. त्यामुळे हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढ्या वर्षांचा राग नुसताच वाया गेला असं वाटलं, आणि पाय आणखी जड झाले.

त्यांनी थर्मामीटर हातात धरून ठेवला आणि तो वाजायला लागल्यावर नागसेनभाऊंच्या एका कानाशी नेला, मग दुसऱ्या. नागसेनभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वाजून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत्ता?"

"आत्ता बी."

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि बाजेवर ठेवून दिला. बाहेर कंपनीची बस गेली. ती त्यांना ऐकू आली असावी, कारण डोळे तिकडे वळले. मग ते म्हणाले, "म्हंजे गाडीत बी हाये."

"हाये."

"प्लांटमध्ये आखरी आखरीले मी हातानंच पाहत होतो. बेरिंगची थरथर हाताले समजे. मले वाटे का कानानंच आयकून राह्यलो." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सरिताबाईंनी फडकं पुन्हा ओलं केलं आणि कपाळावर ठेवलं.

ताप उतरायला दोन-तीन दिवस गेले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, असं सरिताबाई म्हणाल्या. जाऊ म्हणाले, पण आधी गाडी. पौर्णिमेला अजून थोडे दिवस होते.

मग सकाळी सकाळी, ऊन तापायच्या आत, ते दोघं कॉलनीच्या रस्त्याने गाडी काढायला लागले. नागसेनभाऊ चालवत आणि विचारत. सरिताबाई ऐकत आणि सांगत. प्रश्नांची ती तऱ्हा सरिताबाईंच्या ओळखीची होती. उपकेंद्रात आलेल्या बाईला त्याही असंच विचारायच्या: केव्हा दुखतं, चालताना की बसल्यावर, वाकलीस की वाढतं का. नागसेनभाऊंनी इंजिन बंद करून गाडी उतारावर नुसती सोडली. वाजतो? वाजतो. म्हणजे इंजिन नव्हे आणि क्लचही नव्हे. ब्रेक हलकाच दाबला. बदलला? नाही, तसाच. म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या नव्हेत. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, गाडीचा भार एका चाकावरून दुसऱ्यावर गेला. तरी फरक नाही. मग चाकांचं बेरिंग बहुधा नसावं.

"बहुधा," नागसेनभाऊ पुन्हा म्हणाले. त्यांना बहुधा या शब्दावर थांबायची सवय नव्हती.

उरलं काय, ते त्यांनी घरी आल्यावर सरिताबाईंना सांगितलं. गाडीबद्दल त्यांनी बायकोला काही समजावून सांगायची ही पहिलीच वेळ. गिअरबॉक्स पुढे, हौसिंग मागे, आणि दोघांच्या मध्ये सीटांच्या मधल्या उंचवट्याखालून जाणारा लांब शाफ्ट. चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात त्या शाफ्टचे साधारण चार फेरे होतात. आवाज चाकाच्या एका फेऱ्यात एकदा आला तर रोग चाकात आहे. चारदा आला तर शाफ्टमध्ये.

"म्हंजे मोजा लागन," सरिताबाई म्हणाल्या.

"मोजा लागन. अन् ते तुलेच."

रविवारी श्रीहरीभाऊ आले. कॉलनीतल्या विहाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. मागच्या टायरवर खडूने जाड रेघ मारली. इंजिन बंद. श्रीहरीभाऊ मागून ढकलणार, नागसेनभाऊ दाराशी राहून एका हाताने स्टिअरिंग धरणार, आणि सरिताबाई मागच्या चाकाशेजारी वाकून चालणार.

पहिल्यांदा काहीच जमलं नाही. इंजिनाशिवाय आवाज चांगला स्पष्ट येत होता, पण खडूच्या रेघेकडे लक्ष दिलं की आवाज सुटे आणि आवाजाकडे दिलं की रेघ. शिफ्टवरून सुटलेल्यांच्या मोटरसायकली रस्त्याने गेल्या, त्या जाईपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच. गुडघे ठणकायला लागले. नागसेनभाऊ म्हणाले, राहू दे, थोडं बस. त्यांचा स्वतःचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

सरिताबाई विहाराच्या पायरीवर बसल्या. बाळाचे ठोके ऐकताना असंच व्हायचं, त्यांना आठवलं. छोटा भोंगा बाईच्या पोटावर टेकवायचा, दुसरं टोक कानाशी, आणि खोल कुठूनतरी टिकटिक यायची. पण ती बाळाची की आईचीच, हे कळायला एक हात आईच्या मनगटावर ठेवावा लागे. आईची नाडी सावकाश, बाळाची जवळजवळ दुप्पट. दोन्ही एकाच वेळी धरायच्या आणि एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. नव्या मुलींना ते जमायचं नाही. त्या म्हणायच्या, मॅडम, गोंधळ होतो. सरिताबाई त्यांना सांगायच्या, एक बोटाला दे आणि एक कानाला. दोन्ही कानाला देऊ नको.

त्या उठल्या. या वेळी त्यांनी रेघेकडे नुसतं डोळ्यांनी पाहिलं आणि प्रत्येक चिंवर उजव्या हाताचं एकेक बोट मिटत नेलं. रेघ जमिनीला टेकली. चिं. चिं. चिं. चिं. रेघ पुन्हा जमिनीला आली तेव्हा अंगठा तेवढा उघडा होता.

"चार," त्या म्हणाल्या.

"अजून एक डाव," नागसेनभाऊ म्हणाले.

पुन्हा चारच आले. श्रीहरीभाऊंनी ढकलणं थांबवलं. नागसेनभाऊ गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून "शाफ्ट" एवढंच आलं.

घरी आल्यावर गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि श्रीहरीभाऊ पोत्यावर पाठ टेकून आत सरकले. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे फुलीसारखा सांधा असतो. ट्रकला असतो तसाच, फक्त लहान. शाफ्टला फिरताना वर-खाली होता यावं म्हणून. मागचा क्रॉस चांगला होता. पुढच्याला, गिअरबॉक्सच्या कुशीतल्याला हात लावून त्यांनी बोटं बाहेर काढली, तर त्यांवर विटकरी भुकटी होती. गंजाची.

क्रॉस काढून त्यांनी पोत्यावर ठेवला. नवाच होता. नागसेनभाऊंनी नागपूरहून आणून स्वतः बसवलेला, वरून काळा रंगही दिलेला. त्याच्या चार टोकांवरच्या टोप्यांपैकी तीन टोप्यांत ग्रीस होतं. चौथीत ते पोचलंच नव्हतं. आतल्या बेरिंगच्या बारीक सुया कोरड्या घासून घासून भुगा झाल्या होत्या, आणि उरलेल्या ज्या होत्या त्या बोटाने चिमटीत धरल्या की तुटत होत्या.

"हा थोड्या दिवसाचा सोबती होता," श्रीहरीभाऊ म्हणाले. "घुग्घुस रोडवर ट्रकचा शाफ्ट पुढून सुटलेला मी पायला हाये, वैनी. टोक डांबरात रुतते अन् गाडी वरतीच उठते."

नागसेनभाऊ उकिडवे बसून त्या क्रॉसकडे बघत राहिले. हात लावला नाही. मग कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "निकेश चालवनार होता."

सरिताबाईंना या वेळी बोलायचा पूर्ण हक्क होता. मी सांगत होते, असं त्यांनी मनात म्हणूनही पाहिलं. पण समोर बसलेल्या माणसाची मान इतकी खाली गेलेली होती की ते तोंडाबाहेर काढावंसं वाटेना. त्या आत गेल्या आणि तिघांचा चहा ठेवला.

त्या मापाचा क्रॉस नागपुरात पुन्हा मिळाला नाही. मुंबईहून मागवला, तो पौर्णिमेच्या आत येणं शक्य नव्हतं. नागसेनभाऊंनी निकेशला स्वतः फोन करून सांगितलं की गाडी देता येत नाही, तिच्यात खोट होती आणि ती आपल्याला कळली नव्हती. निकेशचा आवाज पडला. पण लग्नाच्या गडबडीत तो दुसऱ्या दिवशीच विसरलाही असावा. विहारातून वरात निघाली ती शेजाऱ्याच्या फुलं लावलेल्या गाडीतून, आणि दिव्यानी त्यातही छान हसत होती. नागसेनभाऊ आणि सरिताबाई नागभीडला बसने गेले आणि बसनेच परत आले. येताना गरम वारा खिडकीतून थपडा मारत होता. नागसेनभाऊ पूर्ण वाट डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, कोण जाणे.

मग कानाची तपासणी झाली. चंद्रपूरच्या डॉक्टरकडे काचेच्या एका छोट्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सरिताबाई काचेच्या अलीकडे होत्या. सुरुवातीला अंगठा भराभर चालला. नंतर चालेना. तपासणाऱ्या बाईंनी काय काय वाजवलं असेल ते असेल. नागसेनभाऊ अंगठा तयार ठेवून, समोर बघत, वाट पाहत बसून होते. सरिताबाईंनी तिथून नजर काढून घेतली. यंत्रांच्या आवाजाने गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कानात घालायचं मशीन दिलं. ते घालून पहिल्या दिवशी नागसेनभाऊ संध्याकाळपर्यंत थकून गेले. पंखा एवढा वाजतो का, पिशवी एवढी वाजते का, तुझ्या बांगड्या नेहमीच अशा वाजतात का, असं विचारत होते. रात्री मशीन काढून ठेवलं तेव्हा म्हणाले, "बरं वाटलं बाबा." सरिताबाईंना हसू आलं.

मे संपता संपता क्रॉस आला. या वेळी चारही टोप्यांत ग्रीस पोचलं की नाही हे नागसेनभाऊंनी एकेक टोपी काढून, बोट घालून पाहिलं आणि श्रीहरीभाऊंनाही पाहायला लावलं. गाडी जोडून झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या सुमारास दोघं मूल गावाच्या रस्त्याने निघाले. उघड्या गाडीत वारा मशीनमध्ये शिरून नुसताच घोंघावायला लागला, तेव्हा त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

सरिताबाई ऐकत होत्या. गिअरबॉक्सचा गुणगुणता आवाज येत होता, तो आधीही होता. टायरचा सरसर. गाडी हळू केली, पुन्हा वाढवली, इंजिन बंद करून उतारावर सोडली. दोन्ही बाजूंना सागाची निष्पर्ण झाडं मागे जात होती.

"काही हाये?" नागसेनभाऊंनी विचारलं.

"नाई."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा विचारलं. नाही. आणखी पुढे गेल्यावर तिसऱ्यांदा विचारलं, आणि सरिताबाई म्हणाल्या की काही नाही, अगदी काही नाही, असेल तेव्हा मीच सांगीन. त्यानंतर ते विचारायचे थांबले. सीट खोल होती, वारा अजून गार होता, आणि ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरिताबाईंची मान बाजूला कलली.

जाग आली तेव्हा गाडी हलत नव्हती. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ती उभी होती आणि सरिताबाईंच्या तोंडावर नागसेनभाऊंचा दुपट्टा होता. ऊन बरंच वर आलेलं. नागसेनभाऊ समोरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले होते, नाल्याच्या कोरड्या वाळूकडे बघत.

"काऊन थांबवली?" सरिताबाईंनी जरा जोरात विचारलं.

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी वळून पाहिलं.

"तू झोपली ना," ते म्हणाले. "मंग कोन आयकन?"

सरिताबाईंनी दुपट्ट्याने मानेवरचा घाम पुसला. घरी जायला हवं होतं, ऊन वाढणार होतं, आणि गुडघा आखडला होता. त्यांनी पाण्याची बाटली त्यांच्याकडे धरली. नागसेनभाऊ उठून आले, पाणी प्यायले, आणि दाराला टेकून उभे राहिले.

"अजून झोपतं का थोडं?"

"थोडं," त्या म्हणाल्या, आणि दुपट्टा पुन्हा तोंडावर ओढून घेतला.